बिल्ल्याआधी लोखंड वाचा

जुना अमेरिकन ट्रक समोर आला की बहुतेक जण आधी बॉनेटवरचा बिल्ला बघतात, मग मालकीच्या कागदावरचं साल वाचतात आणि शेवटी विकणाऱ्याला विचारतात. या तिन्हींवर विसंबून मी पैसे आणि एक आख्खा उन्हाळा घालवला आहे. हौसेनं अशी गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला, विशेषतः इकडे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांना, मी आता एकच गोष्ट सांगतो. बिल्ला, कागद आणि आठवण शेवटी. आधी लोखंड वाचा, आणि तेही ठरलेल्या क्रमानं.

माझी गाडी ओहायोतल्या एका शेतावरच्या शेडमध्ये उभी होती. हिरवी शेव्रोलेट पिकअप, अर्ध्या टनाची. मालकीच्या कागदावर साल १९५५. विकणाऱ्या गृहस्थांच्या वडिलांनी ती नवी घेतलेली, त्यामुळे सालाबद्दल शंका घ्यायचं कारण दिसत नव्हतं. पुढची काच तडकलेली होती आणि गाडी दुसऱ्या गिअरमधून आपोआप सुटत होती. म्हणून मी १९५५ची काच आणि तिचं रबर मागवलं. खोक्यातून निघाली ती दोन्ही टोकांना वळून दारांपर्यंत जाणारी काच. माझ्या गाडीची काच पुढच्या दोन खांबांच्या आत मावणारी होती, मग ही बसणार कशी?

सुटे भाग विकणाऱ्या दुकानानं समजूत घातली की कागदावरचं साल विक्रीचं असतं, गाडी १९५४ची आहे, १९५४चे भाग मागवा. १९५४ची काच अचूक बसली. त्या भरवशावर १९५४चा दुरुस्त केलेला गिअरबॉक्स मागवला. तो मागच्या बाजूनं बंद नळीतल्या शाफ्टसाठी बनवलेला निघाला. माझ्या गाडीखाली शाफ्ट उघडा होता आणि त्याला पुढेमागे क्रॉस होते. गिअरबॉक्स जोडायला जागाच नव्हती. खास मागवलेला माल म्हणून तो परतही घेतला गेला नाही.

मग मी दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा रंग हलक्या हातानं काढला आणि पहिली अक्षरं वाचली : एच, ५, ५. कागद खरं बोलत होता आणि दुकानाचं निरीक्षणही चुकीचं नव्हतं. मात्र १९५५ या एका सालात शेव्रोलेटनं दोन वेगवेगळे ट्रक विकले होते, हे दोघांपैकी कुणीच लक्षात घेतलं नव्हतं.

एक साल, दोन गाड्या

शेव्रोलेटनं १९४७च्या उन्हाळ्यात ‘ॲडव्हान्स डिझाइन’ नावाचा गोलसर ट्रक आणला. तो १९५५च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिला. २५ मार्च १९५५ला ‘टास्क फोर्स’ हा नवा ट्रक आला : बाजूला वळणारी काच, बारा व्होल्टची वीज, हवं तर व्ही-एट इंजिन. त्यामुळे १९५५ची पहिली मालिका दिसायला १९५४सारखी आहे, आणि दुसरी मालिका सर्वस्वी निराळी. शिवाय पहिल्या मालिकेच्या अर्ध्या टनाच्या गाडीला १९५४चा बंद नळीचा शाफ्ट नाही, उघडा शाफ्ट आहे. म्हणजे काच १९५४ची, शाफ्ट तसा नाही, आणि कागदावर १९५५. माझी गाडी नेमकी या सांध्यावरची होती.

वर्षाच्या मधे मॉडेल बदलणं हा या व्यवसायात नेहमीचा प्रकार होता. त्यात कागदांची आणखी एक अडचण आहे. अनेक राज्यांत न विकली गेलेली गाडी ज्या साली विकली ते साल कागदावर चढे. पुष्कळ राज्यांत तर पूर्वी इंजिनाचा नंबरच गाडीचा नंबर म्हणून नोंदवत. पुढं कधी इंजिन बदललं की कागद आणि गाडी यांचा संबंध तुटला. सतरा अक्षरांचा सर्वत्र सारखा नंबर १९८१च्या मॉडेलपासून आला. त्याआधीच्या गाडीला प्रत्येक कंपनीची स्वतःची लिपी आहे आणि ती त्या त्या वर्षापुरतीच खरी आहे.

पहिलं वाचन : पट्टी

या काळातल्या शेव्रोलेट पिकअपची पट्टी चालकाच्या दाराच्या खांबावर, बिजागरीच्या बाजूला असते. ती वाचताना एक अक्षर म्हणजे एक अर्थ असं धरू नका. १९५०च्या गाडीवर ‘५ एचपीके’ अशी सुरुवात असेल, तर ५ म्हणजे कॅन्सस सिटीचा कारखाना, एच म्हणजे १९५० साल, पी म्हणजे अर्धा टन आणि के म्हणजे नोव्हेंबर महिना. महिन्यांना ए ते एल अशी बारा अक्षरं होती. १९५३पासून पद्धत बदलली. ‘एच ५३ के’ यात एच म्हणजे अर्ध्या टनाची मालिका, ५३ हे साल आणि के म्हणजे कॅन्सस सिटीचा कारखाना. १९५५च्या दुसऱ्या मालिकेत सालाच्या आधी २ हा आकडा आला, म्हणजे एच २५५. त्या एका आकड्याकडे कुणी आधी पाहिलं असतं, तर माझे दोन्ही फेरे वाचले असते.

डॉजची पद्धत मला सगळ्यांत स्वच्छ वाटते. १९४८ ते १९५३च्या ट्रकवर बी-१-बी, बी-२-सी अशी खूण असते. मधला आकडा पिढीचा : १ म्हणजे १९४८-४९, २ म्हणजे १९५०, ३ म्हणजे १९५१-५२, ४ म्हणजे १९५३. शेवटचं अक्षर वजनाचं : बी अर्धा टन, सी पाऊण टन, डी एक टन.

पट्टीचे रिवेट कधीही काढू नका, रंगकामासाठीसुद्धा नाही. गाडीच्या ओळखनंबराशी छेडछाड हा इथं गंभीर गुन्हा आहे, आणि हेतू चांगला होता हे नंतर सिद्ध करणं कठीण जातं. रिवेट खरवडलेले दिसले, किंवा जुन्या केबिनवर चकचकीत नवी पट्टी दिसली, तर व्यवहार तिथंच थांबवा. अनेक कंपन्या नंबर चासीवरही ठोकत. फोर्डच्या एफ मालिकेत तो उजव्या बाजूच्या चासीपट्टीवर पुढच्या भागात असतो. ग्रीस आणि गंज पुसून तो शोधा आणि पट्टीशी आणि कागदाशी ताडून पाहा.

दुसरं वाचन : चासी आणि चाकं

पट्टी हरवलेली असेल तर टेप काढा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर रंगानं किंवा बिल्ल्यानं बदलत नाही. ॲडव्हान्स डिझाइन शेव्रोलेटचं हे अंतर अर्ध्या टनाच्या ३१००मध्ये ११६ इंच, पाऊण टनाच्या ३६००मध्ये सव्वाशे इंचांहून पाव इंच जास्त, आणि एक टनाच्या ३८००मध्ये १३७ इंच. टास्क फोर्सच्या ३१००मध्ये ते ११४ झालं. फोर्डच्या एफ-१मध्ये ११४, तर १९५३च्या एफ-१००मध्ये ११०.

मग चाकाचे बोल्ट मोजा. अर्ध्या टनाच्या शेव्रोलेटला सहा, फोर्ड एफ-१ला पाच. पाऊण टनापासून वर दोन्हींकडे आठ. अर्ध्या टनाच्या म्हणून दाखवलेल्या गाडीला आठ बोल्ट दिसले, तर खालची चासी जड गाडीची आहे किंवा आस बदललेला आहे. ते वाईटच असं नाही, पण ब्रेक, बेअरिंग आणि पाटे मागवताना ते ठाऊक असलंच पाहिजे.

आणि गाडीखाली आडवं पडून बघा. जुनी केबिन नव्या चासीवर बसवणं हा इथं मोठाच उद्योग आहे, आणि त्यासाठी शेव्रोलेटच्याच एस-टेन या छोट्या पिकअपची चासी फार वापरली जाते. अशा गाडीचा कागद केबिनचा आहे की चासीचा, हे नोंदणी कार्यालयाला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. तशीच दुसरी गोष्ट : शेव्रोलेटच्या दीड टनी ट्रकची केबिन आणि पिकअपची केबिन एकच होती. त्यामुळे मोठ्या ट्रकची केबिन पिकअपवर चढलेली पुष्कळदा सापडते.

तिसरं वाचन : केबिन

शेतकरी बैल घेताना दात बघतो, तशी केबिन बघायची. वय तिथं उमटलेलं असतं. शेव्रोलेटपुरतं सांगतो. १९४७ आणि १९४८च्या केबिनमध्ये पेट्रोलची टाकी नसते. १९४९पासून ती सीटच्या मागं, केबिनच्या आत आली. १९५१पासून दाराच्या काचेपुढं वाऱ्यासाठी छोटी त्रिकोणी खिडकी आली. १९५२मध्ये फिरवून उघडायच्या मुठीच्या जागी बटण दाबायची मूठ आली. १९५३पर्यंत पुढची काच दोन तुकड्यांची, मधे पट्टी. १९५४पासून ती अखंड झाली आणि पाच आडव्या पट्ट्यांच्या जाळीऐवजी जाड आडव्या-उभ्या पट्टीची जाळी आली. मात्र दारं आणि जाळ्या बोल्टवर निघतात. म्हणून एका खुणेवर कधीच निर्णय देऊ नका. एकमेकींशी संबंध नसलेल्या तीन खुणा एकाच सालाकडे बोट दाखवत असतील, तेव्हाच ते साल धरा. केबिनच्या मागच्या कोपऱ्यातल्या गोल काचांना लोक फार भाव देतात, पण ती चैनीची जोड होती. तिच्यावरून साल कळत नाही.

फोर्डच्या बाबतीत लोक सरसकट एफ-१०० म्हणतात. १९४८ ते १९५२ची गाडी एफ-१ आहे. त्यातही १९५०पर्यंत जाळीत आडव्या पट्ट्या, आणि १९५१-५२मध्ये रुंद पट्टीवर उभे दातरे. एफ-१०० हे नाव १९५३मध्ये, फोर्ड कंपनीच्या पन्नासाव्या वर्षी आलं. १९५३ ते १९५५ या केबिनची काच साधी आहे. १९५६मध्ये ती बाजूंना वळली आणि दाराचे खांब सरळ उभे झाले. पुढच्या वर्षी केबिनच नवी आली, म्हणून १९५६ची काच आणि तिचे भाग त्या एकाच सालापुरते आहेत. दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांवर चार हेडलाइट दिसले, तर गाडी १९५८ किंवा त्यानंतरची.

युद्धकाळ लक्षात ठेवा. १९४२च्या सुरुवातीला नागरी गाड्यांचं उत्पादन थांबलं आणि युद्धानंतर त्याच साच्यांवर पुन्हा सुरू झालं. त्यामुळे १९४१ची आणि १९४६ची शेव्रोलेट समोरासमोर उभी केली तरी नजर फसते. अशा वेळी पट्टीशिवाय गत्यंतर नाही.

इंजिन साक्षीदार आहे, पुरावा नाही

हे ट्रक धान्य, दूध आणि गुरं वाहण्यासाठी घेतलेले होते. इंजिन संपलं की जवळच्या भंगारवाल्याकडून दुसरं आणून बसवायचं, कामाला लागायचं. म्हणून इंजिनाचं साल म्हणजे गाडीचं साल नव्हे. तरीही इंजिन ओळखता आलं पाहिजे, कारण भाग त्याचेच लागतात. शेव्रोलेटच्या सहा सिलिंडरच्या २१६ घनइंची इंजिनाचं वरचं झाकण मधोमध वरून दोन नटांनी आवळलेलं असतं, आणि बाजूचं उंच झाकण स्पार्क प्लगपर्यंत चढतं. १९५४पासूनच्या २३५ घनइंचीत वरचं झाकण कडेनं चार स्क्रूंनी बसतं आणि बाजूचं झाकण आखूड असतं. ब्लॉकवर ओतकामाची तारीखही असते : महिन्याचं अक्षर, दिवस आणि सालाचा शेवटचा एकच आकडा. ‘सी १५ ४’ म्हणजे १५ मार्च, पण १९४४, १९५४ की १९६४ ते इंजिनाच्या प्रकारावरून ठरवायचं. ओतकामाची तारीख गाडीच्या जन्मानंतरची निघाली, तर इंजिन नक्की बदललेलं आहे.

एकाच घरातली जुळी भावंडं

माझे काका कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये उभी केलेली ही कंपनी क्रायस्लरशी करार करून डॉज, डिसोटो आणि फार्गो या तिन्ही नावांचे ट्रक तयार करत असे. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर फार्गो आणि डिसोटो पाहिलेले वाचक अजून असतील. काकांचं म्हणणं असे, “अरे, हाड एकच असतं, नावं तीन.” इकडे आल्यावर त्या वाक्याचा मला खरोखर उपयोग झाला. कॅनडातून आलेला फार्गो म्हणजे डॉजचाच भाऊ, कारण तिथं क्रायस्लर-प्लिमथच्या विक्रेत्यांना विकायला वेगळ्या नावाचा ट्रक लागे. कॅनडातलाच मर्क्युरी एम मालिकेचा ट्रक म्हणजे फोर्डची एफ मालिका. तिथल्या लिंकन-मर्क्युरी विक्रेत्यांसाठी तो १९४८ ते १९६८ विकला गेला. अशा गाडीसाठी अनोळखी नावाचे भाग शोधत बसू नका. बहुतेक यांत्रिक भाग जुळ्या भावाचेच लागतात. जाळी, बिल्ले आणि सजावट मात्र वेगळी, आणि तीच मिळायला अवघड.

जीएमसी आणि शेव्रोलेट यांच्यात सावध राहा. केबिन सारखी, म्हणून लोक दोन्ही एक समजतात. पण जीएमसीचं सहा सिलिंडरचं इंजिन स्वतःचं होतं, २२८ घनइंची, आणि १९५५नंतर काही वर्षं जीएमसीचं व्ही-एट पाँटियॅकचं होतं. शेव्रोलेट म्हणून इंजिनाचे भाग मागवले, तर ते बसणार नाहीत.

नाव एक आणि गाड्या दोन असा उलटा प्रकारही आहे. डॉजचा ‘पॉवर वॅगन’ म्हणजे लष्करी ट्रकवरून घडवलेली १९४६ची सपाट मडगार्डची गाडी, असं सगळे समजतात. पण १९५७पासून हेच नाव साध्या केबिनच्या चारचाकी-चालनाच्या डब्ल्यू-१०० आणि डब्ल्यू-२०० पिकअपवरही लागलं. केवळ नाव ऐकून कुणी भाव सांगत असेल, तर आधी मॉडेलचा आकडा विचारा.

बिल्ल्याला अजिबात अर्थ नाही असं मी म्हणत नाही. तो कुठं बसला आहे ते बघा. टास्क फोर्स शेव्रोलेटच्या मडगार्डवरचा बिल्ला १९५५मध्ये उभारलेल्या रेषेच्या खाली आहे आणि १९५६मध्ये तिच्या वर. मडगार्डच्या आतून हात घालून भोकं चाचपा. बुजवलेली जुनी भोकं सापडली, तर मडगार्ड किंवा बिल्ला दुसऱ्या गाडीचा आहे.

जिथं नोंदी जिवंत आहेत

काही कंपन्यांची दप्तरं टिकली आहेत, आणि तिथं मिळणारा कागद कुठल्याही अंदाजापेक्षा मोलाचा आहे. स्टुडबेकरच्या उत्पादन नोंदी इंडियानातल्या साउथ बेंडच्या स्टुडबेकर नॅशनल म्युझियममध्ये आहेत. नंबर कळवून त्या गाडीच्या मूळ कारखानी आदेशाची प्रत मागवता येते. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या प्रत्येक ट्रकसाठी ‘लाइन सेटिंग तिकीट’ निघत असे. त्यात त्या गाडीला कोणता आस, कोणता गिअरबॉक्स, कोणता रंग दिला ते संकेतांनी लिहिलेलं असतं. इंटरनॅशनलच्या गाड्यांत दोन जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या ट्रकांचे आतले भाग वेगळे असू शकतात, म्हणून ते तिकीट हाती असल्याशिवाय मोठी खरेदी करू नये. कंपनीचे जुने दस्तऐवज मॅडिसनच्या विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत.

चूक पैशापुरती राहत नाही

काच चुकली तर पैसे जातात. ब्रेक चुकला तर माणूस जातो. अर्ध्या टनाच्या शेव्रोलेटला १९५०पर्यंत हक पद्धतीचे ब्रेक होते आणि १९५१पासून बेंडिक्स पद्धतीचे. दोन्ही गाड्या बाहेरून बहुतांशी सारख्या, आणि १९५१ची पुढची संपूर्ण जोडणी १९५०च्या गाडीवर चढवलेली असू शकते. म्हणून ब्रेकचे भाग सालावरून मागवायचेच नाहीत. ड्रम उघडायचा, फोटो काढायचा, माप घ्यायचं आणि मग मागवायचं. विजेचंही तसंच. टास्क फोर्सच्या आधीची शेव्रोलेट सहा व्होल्टची, पण अनेकांनी नंतर बारा व्होल्ट केलं आहे. बॅटरी, बल्ब आणि स्टार्टर तपासल्याशिवाय तारेला हात लावू नका.

गाडी बघायला जाताना टॉर्च, टेप, तारेचा ब्रश, कापड आणि आरसा जवळ ठेवा. फोटो याच क्रमानं काढा : पट्टी, चासीवरचा नंबर, चाकांचे बोल्ट, शाफ्ट, इंजिनाची दोन्ही अंगं, केबिनची आतली बाजू, आणि सगळ्यांत शेवटी बिल्ला. विकणाऱ्याची आठवण शांतपणे ऐकून घ्या. तिच्यात खोटेपणा क्वचितच असतो, पण ती त्याच्या घराची आठवण असते, गाडीच्या भागांची यादी नसते. लोखंड आणि कागद जुळत नसतील, तर पैसे देण्याआधी त्या राज्याच्या नोंदणी कार्यालयाकडून कागद दुरुस्त करून घ्यायची जबाबदारी विकणाऱ्यावर लेखी टाका.

आणि गाडी घरी आली की एक वही करा. कोणता भाग कोणत्या सालाचा, कुठून आणला, काय बसलं, काय बसलं नाही, ते तारखेसह लिहा. साठ-सत्तर वर्षांत या गाड्यांनी अनेक मालक पाहिले, आणि जवळपास प्रत्येकानं काहीतरी बदललं पण लिहून ठेवलं नाही. आपला गोंधळ त्यातून झाला आहे. तुम्ही बदल कराल तेव्हा तो लिहा, आणि गाडी विकाल तेव्हा चावीबरोबर वहीही द्या.